गावातल्या जुन्या वास्तूवर पहिलं व्याख्यान देताय?

वाचनालयातून किंवा गल्लीतल्या मंडळाकडून ‘आपल्या भागाच्या इतिहासावर बोला’ असं निमंत्रण आलं की नवखा वक्ता हमखास सातवाहनांपासून सुरुवात करतो. मग यादव, बहामनी, मराठे, इंग्रज असं करत गावाच्या वेशीपाशी पोचेपर्यंत वेळ संपलेली असते आणि मागच्या रांगेत चुळबुळ सुरू झालेली असते. लोकांना सातवाहन नको असतात असं नाही, पण त्यासाठी ते तुमच्याकडे आलेले नसतात. ज्या वेशीखालून रोज स्कूटर नेतो तिच्या कमानीवर कमळ कोणी कोरलं, शेजारचं देऊळ बांधलं कोणी, वाड्याची मागची बाजू कधी पडली, हे त्यांना हवं असतं.

इतिहासाची पदवी नसलेल्या, पण आपल्या परिसरातल्या एखाद्या जुन्या वास्तूबद्दल कुतूहल असलेल्या कुणालाही असं व्याख्यान देता येतं. तयारीला दोन-तीन महिने हाताशी ठेवा. 18 एप्रिलचा जागतिक वारसा दिन किंवा 19 ते 25 नोव्हेंबरचा वारसा सप्ताह साधायचा असेल तर तारीख आधीच ठरवा, कारण त्या दिवसांत सभागृहं आणि प्रोजेक्टर दोन्ही मिळत नाहीत.

विषय लहान घ्या

एक वाडा, एक बारव (पायऱ्यांची विहीर), एक वेस, एक वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराच्या स्मरणार्थ कोरलेला दगड), एक जुनी शाळा. बस. ‘आमच्या तालुक्याचा इतिहास’ हा व्याख्यानाचा विषय नाही, तो पाच वर्षांच्या कामाचा विषय आहे. गड-किल्ले तर पहिल्या खेपेला बाजूलाच ठेवा. 2025 साली 12 मराठा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाल्यापासून त्यांवर बोलणारे पुष्कळ आहेत. तुमच्या गावच्या पारावर टेकवून ठेवलेल्या दगडावर बोलणारं मात्र कुणी नाही.

त्या दगडाचंच उदाहरण घेऊ. वीरगळीचं वाचन खालून वर करायचं असतं. खालच्या चौकटीत लढाई आणि पडलेला वीर, मधल्या चौकटीत त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते असेतोवर त्याची कीर्ती राहील. खालच्या लढाईत गाई कोरलेल्या असतील तर तो बहुधा गुरं पळवणाऱ्यांशी झुंजताना मेला. एवढा एक दगड नीट उलगडून दाखवला तरी अर्धा तास सहज जातो, आणि दुसऱ्या दिवसापासून पारावर बसणारे लोक त्याच्याकडे वेगळ्या नजरेने बघतात. अनेक गावांत वीरगळींना शेंदूर फासून देव केलेलं असतं. तिथे ‘हा देव नाही’ असं सांगायला जाऊ नका. दगड काय सांगतो ते सांगा, श्रद्धा लोकांची लोकांपाशी राहू द्या.

आधी वास्तू बघा, पुस्तकं नंतर

वही, मोजपट्टी, टॉर्च आणि फोन घेऊन जा. पहिल्या भेटीत कुणाला काही विचारू नका, नुसतं बघा. दुसरी भेट वेगळ्या वेळी ठेवा. सकाळच्या उन्हात जे सपाट दिसतं ते संध्याकाळच्या तिरक्या उन्हात उठून येतं. झिजलेला शिलालेख वाचायचा असेल तर अंधार पडल्यावर टॉर्च दगडाला जवळजवळ चिकटवून एका बाजूने धरा आणि फोटो काढा. मग दुसऱ्या बाजूने. अक्षरांच्या कडांवर सावल्या पडतात आणि दिवसा न दिसलेली ओळ दिसायला लागते. अक्षरं उठावीत म्हणून खडू, पीठ, तेल, पावडर असलं काहीही दगडाला लावू नका. कागदावर ठसा घेणं हे जाणकाराचं काम आहे.

बघायचं काय? सांधे. भिंतीत उभी सरळ फट खालपासून वरपर्यंत गेली असेल तर ते दोन भाग बहुधा वेगवेगळ्या वेळी बांधलेत. बुजवलेलं दार, अर्ध्यात संपलेला जिना, एका बाजूला घडीव दगड आणि दुसऱ्या बाजूला ओबडधोबड, चुन्याच्या गिलाव्यावर मधेच सिमेंटचं ठिगळ, हे सगळं लिहून घ्या. वाडा असेल तर खण मोजा. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे खण, आणि जुन्या लाकडी बांधणीचं सगळं गणित त्यावर चालतं. दिंडी दरवाजा, देवडी, पहिला चौक, ओसरी, माजघर, मागचा चौक, विहीर असा आडवा-तिडवा का होईना नकाशा स्वतःच्या हाताने काढा. हाताने काढताना लक्षात येतं की माजघराची एक भिंत बाकीच्यांपेक्षा दुप्पट जाड आहे, आणि मग ‘का?’ हा प्रश्न आपोआप पडतो. त्या प्रश्नातूनच व्याख्यान तयार होतं.

कालनिर्णयाला मदत करणाऱ्या काही खुणा अगदी उघड्यावर असतात. छपरावरचं मंगलोरी कौल उलटून बघा, मागे कारखान्याचं नाव ठसलेलं असतं. बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेचा पहिला कौलांचा कारखाना मंगळुरात 1865 साली निघाला, म्हणजे ते छप्पर त्याआधीचं असू शकत नाही. पण छप्पर म्हणजे घर नव्हे. वाडा दीडशे वर्षं आधीचा असून नळीची कौलं काढून मागाहून मंगलोरी घातलेली असतील. नवखे लोक इथेच घसरतात: एका भागाचं वय सगळ्या इमारतीला लावतात. लोखंडी तुळयांवरही डॉर्मन लॉन्गसारख्या विलायती कारखान्यांची नावं उठवलेली सापडतात. कौल काय, तुळई काय, नोंदवताना ‘हा भाग अमुक काळानंतरचा’ एवढंच लिहायचं.

कागद कुठे शोधायचे

सुरुवात जवळून करा. घरमालकाकडे मालमत्ता पत्रक असतं, नगरपालिकेत घरपट्टीच्या जुन्या नोंदी असतात, भूमी अभिलेख कार्यालयात सिटी सर्व्हेचे नकाशे मिळतात. देवस्थान असेल तर इनामाच्या नोंदी शोधा. ब्रिटिश अंमलात इनामांची चौकशी झाली तेव्हा बरीच देवळं, मशिदी आणि मठ कागदावर आले. शाळेचं जुनं जनरल रजिस्टर आणि वाचनालयाची सुरुवातीची इतिवृत्तं यांच्याकडे कुणी बघत नाही, पण त्यांत विशेषतः गेल्या शंभर वर्षांचं गाव सापडतं.

पुढची पायरी गॅझेटियर, म्हणजे सरकारने छापलेले जिल्ह्यांचे माहितीग्रंथ. मुंबई इलाख्याच्या जिल्हावार गॅझेटियरांत तुमच्या गावाबद्दल दोन ओळी असण्याची शक्यता बरीच आहे, आणि त्यांच्या स्कॅन केलेल्या प्रती इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात. मात्र वाचताना एक पथ्य पाळा. कलेक्टरच्या माणसाने एकोणिसाव्या शतकात गावच्या पाटील-कुलकर्ण्याला विचारून जे लिहून नेलं ते तिथे छापलं गेलं. म्हणजे तीही तेव्हाची ऐकीव माहितीच. इंग्रजीत छापली म्हणून तिचं वजन वाढत नाही.

त्याहून खोल जायचं असेल तर पुण्यातलं पेशवे दफ्तर, मुंबई आणि कोल्हापूरची पुराभिलेखागारं, 1910 मध्ये स्थापन झालेलं पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ, धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ ही ठिकाणं आहेत. कागद बहुतेक मोडी लिपीत असणार. मोडी यायलाच हवी असं नाही, पण वाचून देणारा माणूस हवा, आणि त्याने वाचलेलं जमल्यास दुसऱ्या जाणकाराला दाखवायला हवं. मोडीत एका अक्षराच्या फरकाने गावाचं नाव बदलतं. व्याख्यानात मोडी वाचून देणाऱ्याचा नामोल्लेख करायला विसरू नका.

आता तारखा. इथे थोडं थांबू, कारण सभेत सगळ्यात जास्त फजिती इथेच होते. शिलालेखात किंवा कागदात शके असेल तर 78 मिळवा. पण शकाचं वर्ष चैत्रात सुरू होतं, त्यामुळे माघ-फाल्गुनातल्या तिथीला 79 मिळवावे लागतात, आणि पौष असेल तर 1 जानेवारी ओलांडली का ते बघावं लागतं. सगळ्यांना ठाऊक असलेल्या दोन तारखांवर हे पडताळून बघता येतं. शिवराज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी शके 1596, म्हणजे 1674. शिवजन्म फाल्गुन वद्य तृतीया शके 1551, आणि तिथे 79 मिळवल्यावरच 1630 येतं. आकडा झिजलेला असेल तर संवत्सराचं नाव शोधा. साठ संवत्सरांचं चक्र असल्यामुळे नाव आणि अर्धवट आकडा मिळून वर्ष नक्की करता येतं. शके 1596 ला आनंद संवत्सर होतं.

मराठेशाहीतल्या कागदांत शुहूर सनही भेटेल. तो अरबी संख्यानामांत आणि एककापासून लिहितात. ‘इहिदे सबैन अलफ’ म्हणजे एक, सत्तर, हजार, अर्थात 1071. त्यात 599 किंवा 600 मिळवायचे, कारण हे वर्ष मृगाला सुरू होतं. फसली सनात 590 किंवा 591. हिजरी सन मात्र चांद्र वर्षाचा असल्यामुळे नुसत्या बेरजेने चालत नाही, त्याला कोष्टक लागतं. शिवाय कागदात ‘राज्याभिषेक शक’ दिसला तर तो 1674 पासूनचा. त्याला नेहमीचा शक समजून 78 मिळवले तर निकाल मजेशीर येतो.

माणसांशी बोलणं

‘हा वाडा किती जुना?’ असं म्हाताऱ्या माणसाला विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: तीनशे वर्षं. त्याऐवजी ‘तुमच्या लहानपणी स्वयंपाक कुठल्या खोलीत व्हायचा? लग्नाचा मांडव कुठे पडायचा? मागच्या दाराने कोण यायचं?’ असं विचारा. मग ती माणसं वाड्यात फिरायला लागतात आणि तुम्ही त्यांच्या मागून. सालं त्यांना आठवत नाहीत, प्रसंग आठवतात. म्हणून पुण्याच्या बाजूला ‘पानशेतच्या पुराआधी की नंतर?’ म्हणजे 1961, सातारा-कराडकडे ‘कोयनेच्या भूकंपाआधी?’ म्हणजे डिसेंबर 1967, आणि कुठेही ‘बहात्तरच्या दुष्काळात हे होतं का?’ असं विचारून साल पकडायचं.

घरातल्या बायकांशी वेगळं बोला. बैठकीच्या खोलीचा इतिहास पुरुष सांगतात, बाकीच्या सगळ्या घराचा बायकांना ठाऊक असतो. आणि वास्तू ज्यांनी वापरली त्यांच्याबरोबर ज्यांना ती वापरू दिली गेली नाही त्यांनाही विचारा. पाणवठा, देऊळ, वेस यांचा इतिहास जातीला वगळून सांगता येत नाही. महाडच्या चवदार तळ्यावर 1927 साली सत्याग्रह करावा लागला. तुमच्या बारवेवर पाणी कोण भरायचं आणि कोण दूर उभं राहायचं, हे सांगणारी माणसं अजून गावात असतील. गवंडी, पाथरवट, सुतार यांच्या घरांतही जा. बांधणाऱ्यांची नावं सहसा शिलालेखात नसतात, पण कधी कधी नातवांच्या तोंडी असतात. ध्वनिमुद्रण करणार असाल तर आधी विचारा, आणि भाऊबंदकीच्या, भाडेकरूंच्या गोष्टी निघाल्या की यंत्र बंद करा. त्या गोष्टी व्याख्यानात कधीही येता कामा नयेत.

तीन शाया

माझं ठाम मत आहे की चांगलं आणि वाईट स्थानिक व्याख्यान यांत एवढाच फरक असतो: वक्ता काय माहीत आहे, काय सांगतात आणि काय वाटतं हे वेगळं ठेवतो की नाही. म्हणून टिपणं तीन रंगांत लिहा. कागदावर किंवा वास्तूवर दिसतं ते काळ्या शाईत, लोक सांगतात ते निळ्या, तुमचा अंदाज लाल. पानभर निळंच दिसलं तर काम अजून व्हायचंय.

शनिवारवाड्यावर हे लावून बघा. काळ्या शाईत: 1730 मध्ये पायाभरणी, 1732 मध्ये वास्तुशांत, 1828 ची आग, उरलेला तट, दरवाजे आणि जोती. निळ्या शाईत: वरच्या मजल्यावरून आळंदीचा कळस दिसायचा. ही दुसरी गोष्ट गाळू नका, लोकांना ती आवडते आणि आवडावीही. फक्त तिच्याआधी ‘असं सांगतात’ हे दोन शब्द उच्चारा.

काही निळ्या गोष्टी प्रत्येक गावात भेटतात. एक, भुयार. प्रत्येक वाड्यातून जवळच्या किल्ल्यापर्यंत भुयार असतं आणि ‘आत सोडलेलं कुत्रं तिकडे निघालं’ हेही असतं. बघायला गेलात तर बहुधा बळद (धान्य साठवायची जागा), तळघर किंवा पाण्याचा उच्छ्वास (जुन्या नळयोजनेतला हवा सोडणारा मनोरा) सापडतो, आणि तो स्वतःच पुरेसा रंजक असतो. दोन, पांडवांनी एका रात्रीत. नाशिकच्या लेण्यांना आपण पांडवलेणी म्हणतो, पण आतल्या शिलालेखांत क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात आणि सातवाहन राणी गौतमी बलश्री बौद्ध भिक्खूंना दिलेली दानं नोंदवतात. तीन, चुन्याशिवाय रचलेलं प्रत्येक दगडी देऊळ हेमाडपंताने बांधलं. हेमाडपंत म्हणजे हेमाद्री पंडित, तेराव्या शतकातला, यादवांचा मंत्री. अंबरनाथच्या शिवमंदिरातला शिलालेख शके 982 चा, म्हणजे 1060 च्या आसपासचा, शिलाहारांच्या काळातला. हेमाद्रीच्या दोनशे वर्षं आधी असली देवळं उभी होती. लोकांना हे तोडून सांगू नका. दोन तारखा शेजारी शेजारी ठेवा, श्रोते स्वतःच वजाबाकी करतात.

परवानग्या

खाजगी घर असेल तर मालकाची संमती लेखी घ्या, आणि कुठल्या खोल्यांचे फोटो दाखवायचे तेही विचारून ठेवा. देव्हारा आणि तिजोरी कधीच दाखवू नका. वास्तू केंद्राच्या यादीत आहे, राज्याच्या, की महापालिकेच्या वारसा यादीत, हे आधी तपासा. केंद्र संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून 100 मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि त्यापुढच्या 200 मीटरमध्ये परवानगीची अट आहे. श्रोत्यांत तिथे राहणारे असतील तर ते यावर विचारणारच. संरक्षित जागेत कार्यक्रम किंवा ड्रोन हवा असेल तर संबंधित कार्यालयात अर्ज करा. जुने फोटो कुणाच्या अल्बममधले असतील तर त्या कुटुंबाचा उल्लेख कसा करायचा, हे त्यांनाच ठरवू द्या.

प्रत्यक्ष बोलताना

चाळीस मिनिटं बोला आणि निदान वीस मिनिटं प्रश्नांना ठेवा. सुरुवात परिचयाने करू नका, एखाद्या तपशिलाने करा: बुजवलेल्या दाराचा फोटो लावा आणि ‘हे दार कुणी आणि का बुजवलं असेल?’ असं विचारून थोडं थांबा. मग वास्तूभोवती फिरा, आत शिरा, एकेका भागाशी थांबून त्याचा काळ आणि माणसं सांगा. कालक्रम आपसूक तयार होतो. राजघराण्यांची नावं गरज पडेल तिथेच घ्या.

पडद्यावर पंचवीस-तीस चित्रं पुरतात. मजकुराची स्लाइड शक्यतो नकोच. शिलालेख दाखवताना मात्र शेजारी त्याचं आजच्या लिपीतलं वाचन हवं. प्रत्येक फोटोत मापासाठी एखादा माणूस उभा करा. ‘पूर्वी आणि आता’ अशी जोडी दाखवायची असेल तर जुना फोटो जिथून काढलाय नेमकं तिथूनच नवा काढा. देवडी, तक्तपोशी, कडीपाट, महिरप हे शब्द जरूर वापरा, पण प्रत्येकाचं चित्र दाखवत. हाताने काढलेला तुमचा नकाशा सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका बाजूला फळ्यावर लावून ठेवा, नाहीतर दुसऱ्या चौकात लोक हरवतात.

‘आजकाल कुणाला किंमत नाही’ हा सूर टाळा. समोर बसलेल्यांपैकी कुणीतरी त्याच वाड्यात गळक्या छपराखाली राहतं, आणि पुनर्विकासाच्या कागदांवर सही करायची की नाही यावर त्याच्या घरात वाद चाललेले असतात. त्याला व्यासपीठावरून शिकवायचा अधिकार आपल्याला नाही. लाकडी सांगाडा भिंतीत कसा लपलेला असतो, चुन्याच्या भिंतीवर सिमेंट मारलं की ओल आत कशी कोंडते, हे सांगितलंत तर त्याच्या उपयोगाचं आहे.

सभागृहाऐवजी फेरी काढणार असाल तर वीस-पंचवीस माणसांपलीकडे जाऊ नका. आधी त्याच वेळेला, त्याच रस्त्याने एकदा चालून बघा. वास्तूच्या समोरच्या बाजूला उभं राहण्याइतकी जागा आणि सावली आहे का, ऊन श्रोत्यांच्या डोळ्यांत येतं का, आणि म्हाताऱ्यांना टेकायला ओटा कुठे आहे, एवढं पाहिलं तरी निम्मी अडचण मिटते.

प्रश्नोत्तरं

पहिला हात ज्याचा वर जातो त्याला बहुधा प्रश्न नसतो, भाषण असतं. त्याला दोन मिनिटं द्या, कारण कधी कधी त्याच्याच घरात ताम्रपट निघतो. मग नम्रपणे ‘हे आपण नंतर बसून बोलू’ म्हणून पुढे जा. ‘आमच्या पूर्वजांनी बांधलं, त्यांनी नाही’ असा वाद पेटला तर निकाल देऊ नका. दोघांकडे काय कागद आहेत ते विचारा आणि नोंदवून घ्या. महापुरुषांवरून किंवा धर्मावरून सभा तापायला लागली तर पुन्हा वास्तूवर या: हा दगड, हा सांधा, ही तारीख. माहीत नसलेल्या गोष्टीला ‘माहीत नाही’ म्हणा आणि विचारणाऱ्याचा फोन नंबर घ्या.

दाराशी एक वही ठेवा आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला ‘या वास्तूबद्दल तुम्हाला माहीत असलेलं एक वाक्य’ लिहायला सांगा. जुने फोटो घेऊन येणाऱ्यांसाठी एका मुलाला फोन आणि पांढरा कागद देऊन टेबलावर बसवा, म्हणजे फोटो तिथल्या तिथे टिपून मूळ प्रत परत देता येते. प्रत्येक फोटोच्या नावात साल, जागा आणि देणाऱ्याचं नाव लगेच घालायचं, नाहीतर आठवड्याने कुठला कुणाचा ते कळत नाही. आठवडाभरात वहीतल्या नोंदी आपल्या टिपणांत घ्या. त्या सगळ्या निळ्या शाईतच जातील. काहींसाठी कागद सापडले की रंग बदला. मग टिपणांची, नकाशाची आणि फोटोंची एक छापील प्रत वाचनालयात आणि एक घरमालकाकडे द्या, पहिल्या पानावर तारीख घालून.